जुन्या ले-आऊटच्या मैदानावर समाजभवन हवं का?

धरमपेठकर: नागपूर सुधार प्रन्यासाच्या, म्हणजे शहरात वस्त्या आखणाऱ्या सरकारी संस्थेच्या, आमच्या जुन्या ले-आऊटमधल्या (आखीव वस्तीतल्या) मैदानावर समाजभवन बांधायचा प्रस्ताव आलाय. माझा ठाम विरोध आहे. १९३६ मध्ये प्रन्यास आला आणि प्लॉट, रस्ते, मोकळी जागा एकाच नकाशात आखलेल्या वस्त्या नागपुरात उभ्या राहिल्या. ती मोकळी जागा म्हणजे उरलेला तुकडा नव्हे. बर्मिंगहॅमजवळ जॉर्ज कॅडबरींनी चॉकलेट कारखान्याशेजारी बोर्नव्हिल वसवलं आणि १९०० मध्ये विश्वस्तांकडे सोपवलं. तिथे दहावा हिस्सा बागा-मैदानांसाठी राखायचा दंडक होता. आपल्याकडेही मोठ्या ले-आऊटला १० टक्के जागा खुली सोडावीच लागते.

लक्ष्मीनगरची: बोर्नव्हिलचं अर्धंच सांगितलंत, दादा. तिथे कारखान्यातल्या मुलींसाठी पोहण्याचा तलाव बांधला, कलाशाळेची इमारत उभी केली. नुसतं गवत नव्हतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मैदानावर चिटपाखरू नसतं. त्या वेळी म्हाताऱ्या माणसांनी, बायकांनी जायचं कुठे? खुल्या जागेच्या १५ टक्क्यांपर्यंत बांधकाम नियमात बसतं, त्यातलं तळमजल्यावर १० टक्केच. वाचनालय, कॅरम, भजनी मंडळ, सगळं एका छपराखाली होईल.

रेशीमबागवाला: ताई, नियम कागदावर ठीक आहे. पण हॉल झाला की भाड्याने जाते. लग्नाच्या सीझनमध्ये बाकीच्या मैदानात मांडव पडते, गाड्या लागते, खड्डे तसेच राहते. मग पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळून राहिले, आमच्याकडे पाहून घ्या. भवन बांधायचंच असेल तर लग्नाला द्यायचं नाही, हे आधी लिहून घ्या.

नंदनवनची: माझं माहेर शहरातल्या त्या ५७२ विनापरवाना ले-आऊटपैकी एकातलं. गुंठेवारीत, म्हणजे असे विनापरवाना प्लॉट नियमित करायच्या कायद्याखाली, प्लॉट नियमित झाले, पण मैदान आलं नाही, कारण कोणी सोडलंच नव्हतं. तुमच्याकडे जागा आहे, तर निदान फाटकाचं कुलूप काढा. शेजारच्या वस्तीतल्या पोरांना हाकलता, त्यावर कोणीच का बोलत नाही?

धरमपेठकर: कुलूप निघालंच पाहिजे, ताई, पुढच्या बैठकीत तो विषय मीच मांडतो. भवनाला मात्र विरोध कायम. मंजूर नकाशाची प्रत काढून फाटकावर लावू, आधी सगळ्यांना कळू दे की जागा नेमकी किती आहे. वाचनालयासाठी जवळच्या शाळेतली खोली संध्याकाळी मागता येईल.

लक्ष्मीनगरची: शाळेची खोली संध्याकाळी मिळेल, मी दुपारचं विचारतेय. आणि बैठक सातला ठेवू नका, ती स्वयंपाकाची वेळ असते. रविवारी सकाळी ठेवा, म्हणजे आम्हाला मत देता येईल.