ट्रायल्स सायकल: रिमला कुठले ब्रेक पॅड घालू?

मंडळी, मी बेळगावच्या टिळकवाडीचा. ट्रायल्स सायकल चालवतो, म्हणजे दगड-अडथळ्यांवर तोल सांभाळत चढायची सायकल. मागं हायड्रॉलिक रिम ब्रेक आहे, मागुरा एचएस ३३. यळ्ळूरच्या दगडांवर मागच्या चाकावर उभारलं की चाक हळूच सरकायलंय. रिम गुळगुळीत. कुठले पॅड घेऊ?

— पॅडच्या आधी रिम बघ गा. ग्राइंडरनं हलक्या हातानं आडव्या रेघा मार, मग मऊ पॉलियुरेथेनचे पॅड घाल. धरतात झकास, पण झिजतात लवकर, आणि केकाटतात लई! आईनं मला अंगणातनं हाकललंय.

— ग्राइंडर नको असला तर रिमवर डांबराचा खडा घास. कोरड्यात चालतंय. आमच्या खानापूरच्या पावसात मात्र विसर.

— पॅड रिमला सपाट टेकतात काय? आधी ते बघ.

— एक बाजू तिरकीच होती की! सरळ केली. ग्राइंडर रविवारी.