भाच्याच्या नडगीत गाठ, कॉन्ट्रास्ट एमआरआय खरंच लागतो का?

भाचा १४ वर्षांचा आहे, रात्री नडगी इतकी ठणकते की झोपेतून उठतो, आयबुप्रोफेन दिलं की तासाभरात शांत. एक्सरेत हाड एका जागी जाड दिसतंय. साधा एमआरआय झाला, त्यात नुसती सूज दिसते म्हणाले, आता कॉन्ट्रास्ट देऊन परत करा म्हणतात. ताई घाबरलीये, ते इंजेक्शन मुलाला चालतं का?

उत्तर १: मी रेडिओलॉजीत आहे. लक्षणं ऑस्टिऑइड ऑस्टिओमासारखी (हाडातली एक छोटी गाठ) वाटतात, कॅन्सर नसतो हा. यात मूळ गाठ बहुतेकदा दीड सेंमीपेक्षाही लहान आणि भोवती सूजच एवढी, की साध्या एमआरआयमध्ये गाठ झाकली जाते आणि इन्फेक्शन किंवा बारीक फ्रॅक्चर वाटू शकतं. डायनॅमिक कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम (म्हणजे ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन) सोडून पाठोपाठ फोटो घेतात, गाठीत रक्तपुरवठा भरपूर म्हणून ती लगेच चमकते, सूज मागाहून हळूहळू. पण डॉक्टरांना पातळ कापांच्या सीटीबद्दलही नक्की विचारा, ही गाठ त्यात बऱ्याचदा जास्त स्पष्ट दिसते.

उत्तर २: गॅडोलिनियममध्ये सीटीच्या कॉन्ट्रास्टसारखं आयोडीन नसतं. किडनी चांगली असेल तर सहसा त्रास होत नाही, तरी आधीचा किडनीचा आजार किंवा कुठली ॲलर्जी असेल तर सांगाच.

प्रश्नकर्ता: खूप आभार! गाठ हीच निघाली तर ऑपरेशन का?

उत्तर १: बऱ्याचदा सीटीत बघत सुई घालून गाठ जाळतात, आरएफए म्हणतात त्याला, मोठी चीर लागत नाही.