सिंगापुरा जातीचे पिल्लू घ्यावे का? आई-वडिलांच्या जनुकीय चाचणीबद्दल आणि लहान चणीच्या मांजरीच्या देखभालीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आमची मांजर वयाच्या सतराव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारानंतर गेली. ती साधीच होती, कोणत्याही विशिष्ट जातीची नव्हती. तिच्यानंतर वर्षभर घरात मांजर नव्हते, आणि आता आईला पुन्हा मांजर हवे आहे. अडचण अशी की आईच्या दोन्ही मनगटांना संधिवात आहे. शेवटी शेवटी साडेचार किलोच्या मांजरीला उचलून टेबलावर ठेवणे आणि औषध पाजताना धरून ठेवणे तिला अजिबात झेपत नव्हते. म्हणून मोठेपणीही लहानच राहील अशा मांजरीचा शोध आम्ही गेले चार महिने घेत आहोत. लहान चणीचे प्रौढ मांजर दत्तक घेण्याचा मार्गही मी अजून सोडलेला नाही. मात्र सध्या एक पिल्लू समोर आहे आणि त्याच्याविषयी मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आधी कोणते पर्याय बाजूला ठेवले ते सांगतो. मुंचकिन जातीचे नाव सर्वांनी सुचवले, पण त्या मांजरांचे पाय आखूड असतात, धड मात्र साधारण मांजराएवढेच असते. त्यामुळे आमचा वजनाचा प्रश्न तिथे सुटत नाही. शिवाय त्या जनुकाची एक प्रत असली तर पाय आखूड होतात आणि दोन प्रती आल्या तर गर्भ पोटातच दगावतो. ज्या वैशिष्ट्यासाठी जात जोपासायची ते वैशिष्ट्यच हाडांच्या वाढीतला दोष असावा, हे माझ्या मनाला पटत नाही. ‘टीकप’ या नावाने विकली जाणारी मांजरे ही तर मुळात जातच नव्हे. बहुधा ती खुरटलेली किंवा फार लवकर आईपासून तोडलेली पिल्ले असतात. डेव्हन रेक्सचा विचार केला होता, पण आईला दाट केसांची मांजर हवी आहे.

राहिली सिंगापुरा. या जातीची प्रौढ मादी साधारण २ ते २.५ किलोची असते, नर थोडा मोठा असतो, आणि पूर्ण वाढ व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. लहानपणा हा या जातीचा स्वाभाविक बांधा आहे, हाडांत व्यंग नाही, म्हणून मला ती आवडली. मात्र तिचा इतिहास वाचल्यावर काळजी वाढली. १९७५ मध्ये एका अमेरिकी दांपत्याने सिंगापूरहून तीन मांजरे अमेरिकेत नेली आणि त्यांच्यापासून जातीचा पाया घातला गेला. पुढे उघडकीस आले की तीच मांजरे १९७४ मध्ये अमेरिकेतून सिंगापूरला नेलेली होती. त्यावरून मोठा वाद झाला, तरी जातीची मान्यता कायम राहिली. माझ्या दृष्टीने मूळ गावाचा वाद दुय्यम आहे, खरा प्रश्न मूळ मांजरांच्या संख्येचा आहे. मोजक्या मांजरांपासून संपूर्ण जात उभी राहिल्यामुळे जनुकीय वैविध्य फार कमी आहे. बर्मीज आणि सिंगापुरा या दोन जाती त्या बाबतीत सर्वांत खालच्या गणल्या जातात. अशा जातीत अप्रभावी जनुकांचे, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच होणारे, आजार वर येण्याची शक्यता वाढते, आणि नेमके तेच आमच्यासमोर आले आहे.

आम्ही पाहिलेली मादी नऊ आठवड्यांची आहे. ब्रीडरच्या स्वयंपाकघरातील काट्यावर ती ६१० ग्रॅम भरली. काट्याच्या ताटलीत ती न घाबरता बसून राहिली आणि माझ्या चष्म्याच्या दोरीकडे पंजा लांबवत होती. तिच्या पाठीवरच्या केसांवर हळूच फुंकर घातली की कातडीजवळ फिकट, मग गडद, पुन्हा फिकट आणि टोकाला गडद तपकिरी असे पट्टे एकाच केसावर दिसतात. डोळे स्वच्छ होते, नाक वाहत नव्हते, हिरड्या गुलाबी होत्या. पिल्लू मनात भरले. पण वंशावळीच्या कागदांसोबत जोडलेल्या चाचण्यांत पायरुव्हेट कायनेजच्या कमतरतेपुढे पिल्लाच्या वडिलांच्या रकान्यात ‘वाहक’ (सदोष जनुकाची एकच प्रत असलेला, स्वतः आजारी नसलेला) असे लिहिलेले आहे आणि पिल्लाच्या आईचा रकाना कोरा आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे या विकारात रक्तातील तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि अधूनमधून रक्तक्षय होतो. तो काही महिन्यांच्या वयात दिसू शकतो, तसाच अनेक वर्षांनीही. पिल्लाची आई निर्दोष असेल तर एकही पिल्लू आजारी होणार नाही, निम्मी पिल्ले केवळ वाहक असू शकतील. आईही वाहक असेल तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता २५ टक्के राहते. ब्रीडरचे म्हणणे असे की त्यांच्याकडचे एकही पिल्लू आजवर आजारी पडलेले नाही. ते खोटे बोलत आहेत असे मला वाटत नाही. परंतु आजार उशिरा दिसू शकत असल्याने या आश्वासनावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. पिल्लू केवळ वाहक निघाले तर मला काहीही हरकत नाही. वाहक मांजर निरोगी आयुष्य जगते, आणि आम्ही तिची नसबंदी करणारच आहोत.

म्हणून माझा मुख्य प्रश्न असा : पिल्लाच्या आईची चाचणी करून घेण्याचा आग्रह धरावा, की थेट या पिल्लाचीच चाचणी माझ्या खर्चाने करून घ्यावी? चाचणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने पेशींचा नमुना, म्हणजे स्वाब, घेतात. पिल्लू अजून अंगावर पीत असताना आईच्या पेशी मिसळून निकाल चुकू शकतो असे वाचले आहे, तर पिल्लाला आईपासून किती वेळ दूर ठेवून स्वाब घ्यावा? सिंगापुरा जातीत दृष्टिपटलाचा ऱ्हास करणाऱ्या विकाराचीही चाचणी होते, ती त्याच स्वाबवर एकदमच उरकावी का? ज्यांनी या चाचण्या प्रत्यक्ष करून घेतल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दुसरी गोष्ट ताबा घेण्याची. ब्रीडर पिल्लू आत्ताच न्यायला सांगत आहेत. मी तेरा आठवड्यांपर्यंत थांबायचे म्हणतो, कारण चावण्याचा जोर आवरायला पिल्लू आपल्या भावंडांशी खेळतानाच शिकते, आणि माझ्या आईच्या हातांची कातडी आता फार नाजूक झाली आहे. लसींचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतरच द्यायचा असतो, तो आमच्याकडे आल्यावर आम्ही देऊ. नसबंदीच्या वेळी भूल देण्यासाठी पशुवैद्य वयाकडे पाहतात की वजनाकडे? एवढ्याशा जिवाचे अंग शस्त्रक्रियेत लवकर गार पडते, याची मला धास्ती वाटते.

खाण्याचा हिशेब मी करून पाहिला. २.२ किलोच्या मांजरीला विश्रांतीच्या स्थितीत दिवसाला सुमारे १२५ कॅलरी लागतात. तिचे वजन २०० ग्रॅमने वाढले तर ती ९ टक्के वाढ होते, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे वजन साडेपाच किलोने वाढण्यासारखे. आधीच्या मांजरीला आई प्रेमापोटी दिवसभर काही ना काही भरवत असे. या वेळी रोजचा खाऊ सकाळीच तोलून एका डबीत भरून ठेवावा आणि आईने त्यातूनच द्यावा, असा विचार आहे. वजन दर आठवड्याला करणे पुरेसे आहे का, आणि पिल्लू एखाद्या वेळी जेवले नाही तर किती तास वाट पाहावी, हेही सांगावे. प्रौढ मांजर दोन दिवस उपाशी राहिले तरी यकृतावर परिणाम होऊ शकतो हे मला ठाऊक आहे, पिल्लाला तर त्याहून कमी अवधी मिळत असणार.

शेवटची शंका आईच्या सुरक्षिततेची आहे. ही जात माणसाला चिकटून राहणारी, सारखी पायात घुटमळणारी आहे असे सर्वत्र वाचले. आई घरात काठी घेऊन चालते. ताण पडताच आपोआप सुटणारा पट्टा आणि त्याला बारीक घुंगरू एवढे पुरेल का? की उंच बसण्याच्या जागा करून दिल्यास मांजर जमिनीवर कमी राहते? वृद्ध माणसांच्या घरात अशी मांजर वाढवलेल्यांचा अनुभव मला इथे सर्वांत मोलाचा वाटेल.

ब्रीडरना मला येत्या रविवारी उत्तर द्यायचे आहे. त्यांनी चाचणीलाच नकार दिला, तर पिल्लू कितीही आवडले असले तरी माघार घ्यावी असे माझे मत आहे. तुम्हांला तसेच वाटते का? आईने जुन्या मांजरीची टोपली धुऊन परवापासून उन्हात ठेवली आहे, त्यामुळे नाही म्हणायचे असेल तर ते मला तिला लवकर सांगायला हवे.