कंपनीची उद्योजकीय वृत्ती मोजताना मालकाचंच उत्तर पुरेसं आहे का?

प्रश्न: पुण्याजवळच्या चाकण-भोसरीतल्या लघुउद्योगांवर पीएचडी चालू आहे. उद्योजकीय वृत्ती मोजायला कोव्हिन-स्लेव्हिन या संशोधकांची 1989 ची 9 प्रश्नांची मोजपट्टी घेतली आहे (प्रत्येक उत्तर 1 ते 7 मध्ये; नावीन्य, पुढाकार, जोखीम यांचे 3-3 प्रश्न). नफ्याची माहितीही मालकाकडूनच घेऊ का?

उत्तर 1: नको. दोन्ही उत्तरं एकाच माणसाची असली की उत्साही मालक सगळीकडे 6-7 देतो आणि खोटा सहसंबंध उभा राहतो. असा दोष पकडायला वापरतात त्या हरमन चाचणीवर विसंबू नका, ती फार ढोबळ आहे. वृत्तीचे प्रश्न मालकाला विचारा, विक्री-नफ्याचे आकडे लेखापालाकडून घ्या, तेही शक्यतो वर्षभरानंतरचे.

उत्तर 2: शिवाय एक प्रश्न नीट वाचा: ‘गेल्या 5 वर्षांत किती नवी उत्पादनं बाजारात आणली?’ जॉबवर्क (दुसऱ्या कंपनीचे सुटे भाग बनवून देण्याचं काम) करणाऱ्या कारखान्याचं स्वतःचं उत्पादनच नसतं. तो 1 वर खूण करतो, मग त्याने नवं फिक्स्चर (भाग घट्ट धरणारी चौकट) बनवून सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, निम्म्यावर आणला असला तरी. अशा युनिटांचा गट वेगळा ठेवा आणि प्रक्रियेतल्या बदलांचे प्रश्न जोडा. मराठी भाषांतर दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून ताडून बघाच.

प्रश्नकर्ता: मग नावीन्य, पुढाकार, जोखीम यांची एकच सरासरी काढू?

उत्तर 1: आधी तिन्ही वेगळे तपासा. जोखमीचे 3 प्रश्न बाकीच्यांशी जुळले नाहीत तर सरासरी फसवी ठरेल.