पीक डिस्ट्रिक्टमध्ये धरणांभोवती आणि मूरलँडवर सायकल चालवायची आहे, कुठून सुरुवात करू?

पानशेत_रायडर

नमस्कार मंडळी, पुण्याहून मँचेस्टरला येऊन दीड वर्ष झालं. पुण्यात दर रविवारी पानशेत-वरसगावच्या बॅकवॉटरच्या कडेकडेने सायकल असायची, कधी सिंहगडचा घाट. इथे आल्यावर सेकंडहँड हार्डटेल घेतली, २९ ची चाकं आहेत, पुढे सस्पेन्शन आहे, बाइक बरी आहे. प्रश्न इथल्या पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमधल्या वाटांचा आहे. गेल्या रविवारी लेडीबॉवर धरणाच्या वरच्या अंगाला गेलो होतो, एका वाटेवर एका आजोबांनी थांबवलं, नीटच बोलले, पण म्हणाले ही फक्त चालणाऱ्यांची वाट आहे, सायकल खाली ने. मी परत फिरलो पण मनाला लागलं, कारण तिथल्या गेटवर ओपन अ‍ॅक्सेस अशी पाटी होती आणि मला वाटलं म्हणजे सगळ्यांना खुलं.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, बारा वर्षांच्या मुलाला घेऊन धरणांभोवती आरामात जाता येईल असा राउंड. दुसरं, मी एकटा जाईन तेव्हा खरा मूरलँड बघायचाय, म्हणजे ते झाडं नसलेलं उंच माळरान, जांभळ्या फुलांचं हेदरचं झुडूप, वर मोकळं आभाळ, आणि चढ-उतार पाय भरून येतील असा. ट्रेनने येता आलं तर उत्तम, गाडी नाहीये.

शेफील्डची_मावशी

अरे, त्या आजोबांचं बरोबर होतं, पण तू मनाला लावून घेऊ नकोस, इथे नवीन आलेल्या प्रत्येकाचं हे होतं. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने जी ओपन अ‍ॅक्सेसची जमीन झाली ती पायी फिरायला खुली आहे, त्या कायद्याने सायकलला हक्क मिळत नाही. सायकलला हक्क आहे ब्रायडलवेवर, म्हणजे घोड्यांच्या वाटेवर, तोही १९६८ पासून, आणि त्यात अट अशी की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. खांबावर निळा बाण दिसला की ब्रायडलवे, पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, तिथे सायकल नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल १ डार्क पीकचा (म्हणजे पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तर भागाचा) नकाशा घे, त्यात लांब हिरव्या रेघा ब्रायडलवेच्या आणि आखूड हिरव्या फुटपाथच्या. फोनवरच्या अ‍ॅपवर पूर्ण विसंबू नकोस, वरच्या दरीत रेंज जाते.

आता मुलाचा राउंड. तिथे एका रांगेत तीन धरणं आहेत, सगळ्यात वर हाउडन, मग डरवेंट, खाली लेडीबॉवर. डरवेंट धरणाच्या भिंतीखालच्या फेअरहोम्सपासून निघायचं, तिथे सायकल भाड्यानेही मिळते. पश्चिमेच्या काठाने डांबरी रस्ता वर किंग्ज ट्रीपर्यंत जातो आणि सीझनमध्ये वीकेंडला तिथे गाड्यांना बंदी असते म्हणून पोराला मोकळं सोडता येतं. पुढे कच्ची वाट, स्लिपरी स्टोन्सचा दगडी पूल ओलांडायचा आणि पूर्वेच्या काठाने परत. साधारण १६ किलोमीटर होतं. परतीची बाजू खडीची आहे, एकदोन ठिकाणी चढ लागतो, बारा वर्षांचा मुलगा आरामात करेल.

तो पूल मुलाला नक्की दाखव. मुळात तो डरवेंट गावात होता. लेडीबॉवर बांधताना डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं पाण्याखाली गेली, तेव्हा हा पूल दगडांवर नंबर टाकून उतरवला आणि १९५९ मध्ये वरच्या बाजूला पुन्हा उभा केला. चर्चचा मनोरा मात्र पाण्यातून वर डोकावत राहिला होता, तो १९४७ मध्ये पाडला. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की गावाच्या भिंतींचे पाये वर आले होते. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ दिसतं ना, तसंच पोटात काहीतरी होतं बघताना. माझं माहेर तिकडचंच आहे म्हणून असेल.

आणि धरणात पोहायला बंदी आहे, उन्हाळ्यात कितीही वाटलं तरी उतरू नका, पाणी आतून फार गार असतं.

घसारा_घाट

मावशींनी धरणाचं सगळं सांगितलंच, मी मूरवर बोलतो.

खरा मूरलँड हवा असेल तर कट गेट. लँगसेटच्या तलावापासून निघून थेट स्लिपरी स्टोन्सला उतरणारा ब्रायडलवे. जुन्या काळी डरवेंट खोऱ्यातले शेतकरी याच वाटेने पेनिस्टनच्या बाजाराला मेंढ्या न्यायचे. लँगसेटकडून आधी जंगल, मग मिकलडेन एज, एका बाजूला दरी तुटलेली आणि वाट अरुंद, तिथे वारा असेल तर सरळ उतरून चालायचं, लाज नाही. मग वरचं पठार. ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंना हेदर फुललेलं असतं आणि मधेच चाकाखालून उठल्यासारखे ग्राउज पक्षी उडतात, को-को-को करत. आपल्या कासच्या पठाराची आठवण येते पण जमीन एकदम वेगळी. कासला खाली कातळ आहे. इथे खाली पीट, हजारो वर्षांचं कुजलेलं शेवाळ, काळं, लोण्यासारखं मऊ.

ह्या पीटबद्दल जरा नीट सांगतो कारण मी चूक केलेली आहे. पहिल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आठवडाभराच्या पावसानंतर गेलो. डबकं दिसलं, बाजूने जाऊ म्हणून गवतातून सायकल घातली आणि पुढचं चाक हबपर्यंत आत. ओढून काढायला वीसेक मिनिटं गेली, बूट आत राहिला होता तो हाताने खणून काढला, आणि मागे वळून पाहिलं तर मी जिथून आलो तिथे एक लांब काळी जखम झालेली, त्यात लगेच पाणी भरायला लागलं होतं. एक गेला की दुसरा त्याच्या बाजूने जातो, वाट रुंदावत जाते आणि मग पीट वाहून जातं. कट गेटवरच्या सगळ्यात वाईट चिखलाच्या तुकड्यासाठी सायकलवाले, घोडेवाले, चालणारे सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली आणि तो दुरुस्त झाला, म्हणून आता खूप बरंय. पण तरी ओल्या आठवड्यात नकोच. चार-पाच कोरडे दिवस जाऊ देत, आणि डबकं लागलंच तर मधून जा, बाजूने नाही.

स्लिपरी स्टोन्सकडचा उतार सुट्या दगडांचा आहे, अगदी आपला घसाऱ्याचा उतार, सॅडल खाली घे, वजन मागे, पुढचा ब्रेक हलका. टायर जाड घे, इथल्या खरखरीत ग्रिटस्टोन दगडाच्या धारेने टायरची बाजू (साइडवॉल) फाटते, ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब आणि फाटलेल्या जागी आतून लावायला जाड प्लास्टिकचा तुकडा सॅकमध्ये ठेव.

होप_व्हॅली_लोकल

ट्रेनचा प्रश्न राहिला म्हणून लिहितोय. मँचेस्टर-शेफील्डच्या मधली होप व्हॅली लाइन पकड, थांबणाऱ्या गाडीत साधारण दोनच सायकली घेतात आणि बुकिंग नसतं, म्हणून सकाळची लवकरची गाडी. मुलाबरोबर बॅमफर्डला उतरा. तिथून जवळच थॉर्नहिल ट्रेल आहे, गाड्या नाहीत, थेट लेडीबॉवरच्या भिंतीपाशी नेते. ही ट्रेल म्हणजे वरच्या दोन धरणांसाठी दगड न्यायला घातलेल्या रेल्वेची जागा. १९०१ ते १९१६ मध्ये ती दोन धरणं झाली आणि कामगारांसाठी बर्चिनली नावाचं अख्खं पत्र्याचं गाव वसवलं होतं, शाळा, दवाखाना, सगळं. पश्चिमेच्या रस्त्यावर त्याची पाटी आहे, बघा.

तुम्ही एकटे असाल तर मधला पर्याय सांगतो, कट गेटच्या आधी हा करा. फेअरहोम्सवरून लॉकरब्रुकची चढण, ती खडी आहे, मग हॅग फार्मकडे उतार, ए ५७ रस्ता सांभाळून ओलांडायचा, हॅगवॉटरच्या पुलावरून परत चढ आणि होप क्रॉस. तिथे १७३७ सालचा चौकोनी दगडी खांब आहे, चारही बाजूंना गावांची नावं कोरलीत, शेफील्ड, ग्लॉसप, एडेल, होप. बसून डबा खायला माझी ही आवडती जागा. तिथून जुन्या रोमन रस्त्याने होपला उतरलात की स्टेशन.

पानशेत_रायडर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलाला घेऊन बॅमफर्डवरून गेलो. मावशी, पुलावर पोचल्यावर मुलगा खाली ओढ्यात उतरून दगडांवर नंबर शोधत बसला, अर्धा तास हलेना. एकही सापडला नाही पण एका दगडाच्या कडेला छिन्नीच्या तिरक्या रेघा ओळीने होत्या, त्यावर बोट फिरवत राहिला आणि मला विचारलं की आपल्या पानशेतखाली पण गावं आहेत का. आहेत म्हटलं. परतीच्या ट्रेनमध्ये आजीला फोन करून त्याने तेच विचारलं.

होप क्रॉसला पुढच्या शनिवारी एकटा जातोय. घसारा_घाट, कट गेटला ऑगस्टमध्ये तुम्ही जाणार असाल तर सांगा, मी येतो.

घसारा_घाट

ये की. हेदर साधारण महिन्याच्या मध्यावर रंगात येतं, तेव्हाच आधीचा आठवडा कोरडा गेला की तुला इथेच कळवतो. लँगसेटला सकाळी आठला भेटू. विंडचीटर आण, ऑगस्ट असला तरी वर धुकं उतरलं की बोटं गारठतात. काही झालं तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं हे मुलाच्या आईलाही सांगून ठेव, कुठल्या वाटेने जातोय आणि किती वाजता परत येणार तेही.