शब्दचर्चा: 'खंडनीय' की 'खंडनक्षम'?

एका लेखाचं भाषांतर तपासतोय, त्यात 'उत्क्रांतीचा सिद्धांत खंडनीय आहे' असं वाक्य आलंय, मूळ शब्द फॉल्सिफायेबल, म्हणजे पुरावा विरुद्ध गेला तर खोटा ठरवता येईल असा. मला तर वाचून सिद्धांत चुकलाय असंच वाटलं. दुसरा शब्द सुचवा.

*

निंदनीय म्हणजे निंदा करण्यासारखं, तसं खंडनीय म्हणजे खोडूनच काढावं असं काहीतरी वाटतं खरं. खंडनक्षम बघा.

*

पण कार्यक्षम म्हणजे काम करू शकणारा. मग खंडनक्षम म्हणजे दुसऱ्याचं खंडन करणारा झाला ना?

*

सिंचनक्षम जमीन म्हणतोच की, ती काय स्वतः सिंचन करते? चालतंय.

पण लेखात पुढे उदाहरण काय दिलंय तेही बघा, कारण बरेच जण 'मधला दुवा (दोन प्रजातींना जोडणारा जीवाश्म) सापडला नाही' हेच खंडन समजतात. न सापडणं म्हणजे खंडन नव्हे, भलत्या जागी सापडणं म्हणजे खंडन. जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनच्या नावावर सांगतात तो कॅम्ब्रियनपूर्व खडकातला ससा (म्हणजे सशाचा जीवाश्म) तसाच. ते खडक ५४ कोटी वर्षांपलीकडचे, तेव्हा सस्तन प्राणी सोडा, मासेसुद्धा नव्हते. अर्थात एक ससा मिळाला म्हणून कोणी लगेच सिद्धांत सोडणार नाही, आधी थर सरमिसळ झालेत का बघतील, कोणी बनवाबनवी केलीय का बघतील (इंग्लंडमधली पिल्टडाउनची कवटी आदिमानवाची म्हणून १९१२ ला जाहीर झाली, माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडलाय हे उघड व्हायला १९५३ उजाडलं). पण वेगवेगळ्या ठिकाणी असे ससे निघायला लागले तर मग अवघड आहे.

डार्विननेही स्वतःच अट घातली होती, निव्वळ दुसऱ्या प्रजातीच्या भल्यासाठी घडलेला एखादा अवयव दाखवा, माझा सिद्धांत संपला. मला मात्र गुणसूत्रांचं उदाहरण जास्त आवडतं. चिंपांझीची ४८, आपली ४६. पूर्वज एकच असेल तर त्यांच्या दोन जोड्या आपल्यात चिकटून एक झालेली दिसायला हवी, अशी अख्खी जोडी नुसती गायब होऊन भागत नाही. आणि आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात टोकांना असतो तसला डीएनए मधोमध सापडला. नसता सापडला तर उत्तर द्यावं लागलं असतं. खंडनक्षम म्हणजे हे असं मान पुढे करून बसणं.

*

सिंचनक्षम पटलं. खंडनक्षमच ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे 'पुराव्याने खोडता येण्याजोगा' असं लिहितो. उदाहरण म्हणून लेखात मधला दुवाच होता, ते लेखकाला कळवतो.