सर्व्हर मीटररूममध्ये ठेवायचा का?

सेक्रेटरी (ए-२०१): सर्वांना नमस्कार. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय निघाला होता की चर्चेसाठी सोसायटीचा स्वतःचा सर्व्हर असावा. टेरेसच्या गळतीचे २०२१ चे फोटो वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवायचे होते, कुणाकडेच सापडले नाहीत. जुनी सर्क्युलर्सही तशीच हरवली. बी-४०२ ताई घरच्यांसाठी असा सर्व्हर चालवतात. ताई, इथेच लिहा म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

बी-४०२: लिहिते, थोडं लांबेल. मॅट्रिक्स म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारखीच चर्चेची सोय, पण ती स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असलेल्या संगणकावर, ठेवता येते. आमचा मॅट्रिक्सचा सर्व्हर दीड वर्षापासून चालू आहे. घरची १४ माणसं: पुणे, नाशिक, दुबई, टोरांटो. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, त्यावर मॅट्रिक्स चालवणारं सिनॅप्स आणि मेसेज साठवणारा पोस्टग्रेस डेटाबेस, फोनवर मेसेज वाचायला एलिमेंट अ‍ॅप. बसवायला एक शनिवार पुरला. तेव्हापासून आजपर्यंत जे केलं ते सगळं तो चालू ठेवण्यासाठी. म्हणून आपण कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं याआधी तो सांभाळणारी दोन माणसं ठरवूया. एक नाही, दोन.

खजिनदार (सी-१०४): वीजबिल किती वाढेल? क्लबहाऊसचं ब्रॉडबँड आहेच, मीटररूममध्ये जागाही आहे. मग बाहेरचा सर्व्हर घेऊन भाडं कशाला भरायचं?

बी-४०२: काका, विजेची काळजी नको. ७ वॅट धरले तर वर्षाला ६१ युनिट. अडचण ब्रॉडबँडची आहे. मी काल क्लबहाऊसच्या राउटरमध्ये पाहिलं, त्याचा बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत. इंटरनेटवरचे आयपीव्ही४ प्रकारचे पत्ते जगात पुरेनासे झालेत, आपल्या भागात ते वाटणारी एपनिक ही संस्था एप्रिल २०११ पासून शेवटच्या साठ्यातून मोजूनमापून देते. त्यामुळे कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच खरा पत्ता देते. आपण बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरून कुणी आपल्या दारापर्यंत येऊ शकत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला स्वतःचा कायमचा पत्ता, मागितला तर मिळतो, त्याचे पैसे वेगळे.

मी घरी तो घेतला. तरी पहिल्याच दिवशी टोरांटोतल्या बहिणीला सर्व्हर दिसत होता आणि हॉलमध्ये बसलेल्या आईला दिसत नव्हता! आमच्या राउटरला घरातून बाहेर पडून पुन्हा स्वतःच्याच पत्त्यावर परत येता येत नव्हतं. घरातल्या वायफायला सर्व्हरचा आतला पत्ता वेगळा शिकवावा लागला, त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

डी-५०१: आणि लाइट गेल्यावर?

बी-४०२: गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते तेव्हाचं सांगते. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट आल्यावर तो शेवटची लिहून ठेवलेली वेळ धरून उठतो आणि इंटरनेट मिळालं की घड्याळ लावतो. आमच्याकडे पाय आधी उठायचा, राउटर नंतर. मधल्या काही मिनिटांत आईने स्वयंपाकघरातून पाठवलेला ‘जेवायला या’ सकाळी सव्वानऊचा म्हणून नोंदला गेला. घरात हे चालून गेलं. सोसायटीत ‘नोटीस कधी टाकली’ यावर वाद झाला तर तीच वेळ पुरावा असते. मीटररूमची धूळ आणि पावसाळ्यातली ओल तुम्हाला माहीतच आहे.

माझं मत, मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा. २ जीबी रॅम आणि ५० जीबी जागा आपल्या ८४ फ्लॅट्सना सुरुवातीला भरपूर झाली.

ए-३०३: ताई, मला तांत्रिक काही कळत नाही. माझा फोन बिघडला तर जुनं सगळं दिसेल का? व्हॉट्सअ‍ॅपचं माझं एकदा सगळं गेलंय.

बी-४०२: काकू, बरं झालं विचारलंत, हे आधी ठरवावं लागतं. मॅट्रिक्समध्ये प्रत्येक रूमला, म्हणजे ग्रुपला, एन्क्रिप्शन (मेसेज कुलूपबंद करणं, ते फक्त ग्रुपमधल्यांच्या यंत्रावर उघडतात) लावायचं की नाही ते आपल्या हातात असतं, आणि एकदा लावलं की काढता येत नाही. एन्क्रिप्टेड रूममधले मेसेज नव्या फोनवर वाचायला रिकव्हरी की, म्हणजे जपून ठेवायचा लांब कोड, लागते. ती हरवली आणि दुसऱ्या कुठल्या यंत्रावर लॉगिन नसेल, तर जुने मेसेज मलासुद्धा परत देता येणार नाहीत. शिवाय अशा रूममध्ये सर्व्हर शोधून देऊ शकत नाही, कारण त्यालाच मजकूर कळत नाही. आपल्याला तर ‘टेरेस २०२१’ टाकून फोटो सापडायला हवेत. म्हणून सूचना, पाणी, लिफ्ट, पार्किंग या रूम एन्क्रिप्शनशिवाय ठेवूया, आणि कमिटीची तेवढी एन्क्रिप्टेड. पण याचा अर्थ असा की जो सर्व्हर सांभाळतो त्याला साध्या रूम वाचता येतात. हे प्रत्येक सभासदाला खातं देतानाच स्पष्ट सांगायचं. मी सांभाळत असले तरी सांगायचं.

डी-५०१: म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून पूर्ण सुटका?

बी-४०२: पूर्ण नाही रे. फोनवर टिंग वाजायला सहसा गूगल किंवा अ‍ॅपलमधूनच जावं लागतं. एलिमेंट त्यात मजकूर पाठवत नाही, मेसेजचा ओळखक्रमांक पाठवतं आणि मजकूर आपल्या सर्व्हरवरून आणतं. तेवढं मला मान्य आहे.

आता बॅकअपबद्दल, कारण यात मी स्वतः चुकले आहे. सात महिन्यांनी माझ्या पायमधलं एसडी कार्ड, ज्यावर सगळं साठवलेलं होतं, ते बिघडलं. रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जात होता, म्हणून मी निर्धास्त होते. नव्या कार्डवर उतरवला, शब्द सगळे परत आले आणि फोटोंच्या जागी राखाडी चौकोन. सिनॅप्स फोटो डेटाबेसमध्ये ठेवत नाही, त्यांचं फोल्डर वेगळं असतं. ते माझ्या बॅकअपमध्ये नव्हतंच. आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो होते त्यात. काही बहिणीच्या फोनमधून मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच. सात महिने रोज बॅकअप घेतला आणि एकदाही तो उतरवून पाहिला नाही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रिकाम्या यंत्रावर सगळं उभं करून बघते: डेटाबेस, फोटोंचं फोल्डर, सेटिंगची कॉन्फिग फाइल आणि सर्व्हरची ओळख पटवणारी, सही करणारी की. आजीचा एक तरी फोटो उघडला की मगच उठते.

खजिनदार (सी-१०४): जागा किती लागेल? इथे तर रोज सुप्रभात येतात.

बी-४०२: दिवसाला ५ एमबीचे २० फोटो धरले तर वर्षाला ३६ जीबी. सिनॅप्समध्ये एका फाइलची मर्यादा मूळची ५० एमबी आहे, ती आपण १० वर आणू. जुने फोटो आपोआप पुसण्याची सोय आहे, पण ती लावायची नाही. ज्यासाठी हे सगळं करतोय तेच पुसलं जाईल.

सेक्रेटरी (ए-२०१): हे सगळं कुणाच्या नावावर?

बी-४०२: डोमेन, म्हणजे सर्व्हरचं इंटरनेटवरचं नाव, आणि सर्व्हर दोन्ही सोसायटीच्या नावावर, आणि ईमेल सोसायटीचा. माझा नको, तुमचाही नको. सिनॅप्सला सुरुवातीला दिलेलं नाव नंतर बदलता येत नाही, प्रत्येकाच्या खात्यात ते असतं. डोमेनचं नूतनीकरण चुकून दुसऱ्याने ते घेतलं तर सगळी खाती अडकली. म्हणून डोमेन एकदम पाच वर्षांसाठी घेऊया. सर्व्हर खरा आहे हे फोनला पटवणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, ते आपोआप नवं होतं. पण संपत आल्याचा ईमेल ते जून २०२५ पासून पाठवत नाहीत. त्यावर लक्ष ठेवणारी तपासणी आपण वेगळी लावायची.

नोंदणी बंद ठेवायची, खातं फक्त आपण दिलेलं टोकन (कोड) घेऊन. बाहेरच्या मॅट्रिक्स सर्व्हरशी जोडणीही बंद. भाडेकरू फ्लॅट सोडून गेला की एनओसीबरोबरच खातं निष्क्रिय करायचं, हे ऑफिसच्या यादीत लिहून टाका. पासवर्ड विसरलेल्यांना ईमेल जावा म्हणून स्वतःचा मेल सर्व्हर मात्र उभा करू नका. असे मेल स्पॅममध्ये जातात, त्यासाठी तयार सेवा घ्यावी. आणि सर्व्हरमध्ये कुणी घुसलं तर काय करायचं, हे वकिलांना एकदा विचारून घ्या. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घुसखोरी सहा तासांत कळवणं आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, ठेवणं आहे. ते आपल्याला किती लागू होतं ते त्यांनी सांगावं.

ए-३०३: आणि टँकर आला, पाणी जाणार, हे कुठे टाकायचं? रात्री अकराला नवं अ‍ॅप कोण उघडेल?

बी-४०२: ते व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू दे काकू. सर्व्हर बंद पडला आहे हे सांगायलाही तोच ग्रुप लागेल.

ए-३०३: गळतीचे फोटो मी काढले होते तेव्हा, आत्ता आठवलं. जुना फोन कपाटात आहे, चार्जर शोधते.

सेक्रेटरी (ए-२०१): काकू, नक्की शोधा, वॉटरप्रूफिंगवाला सोमवारी येतोय. ताई, दुसरं माणूस कोण?

डी-५०१: मी शिकायला तयार आहे. कॉलेजमध्ये लिनक्स थोडं केलंय.

बी-४०२: मग शनिवारी साडेदहाला ये, लॅपटॉप आण. माझ्या घरचा बॅकअप तू तुझ्या यंत्रावर उतरव. पायऱ्या मी कागदावर लिहून देते आणि शेजारी बसते, पण हात लावणार नाही आणि बोलणारही नाही. जिथे अडशील तिथे कागदावर खूण कर, तिथे माझं लिहिणं कमी पडलंय. तुला आजीचा फोटो दिसला की आपण सोसायटीचं डोमेन घेऊ.

डी-५०१: येतो ताई.